कधीतरीचं चिन्ह

कालव्याच्या खात्यानं विव्हेकाला बोलावलं
ते दारांसाठी.
वरचं दार, खालचं दार,
मधे एक होडी मावेल एवढं पाणी.
दोन्ही दारं एकाच वेळी उघडी, असं कधीच होऊ नये,
एवढंच यंत्राला पटवून द्यायचं होतं.

लिन्शॉपिंगच्या बाहेर, एप्रिलात,
बर्चला अजून पान नव्हतं.
आल्गोटच्या लाकडी खोलीत बसून
तिनं वहीत चौकोन काढला. म्हणाली, याचा अर्थ: नेहमी.
तोच चौकोन कोपऱ्यावर उभा केला,
शंकरपाळ्यासारखा.
याचा अर्थ: कधीतरी.

आल्गोटनं चष्मा पुसला.
एकेचाळीस वर्षं दारं उघडणारा माणूस,
त्यानं विचारलं, "कधीतरी म्हणजे किती वाजता?"
"ते आमच्यात विचारत नाहीत," ती म्हणाली.

मग ती लिहीत गेली.
चाक फिरवलं की दार उघडतं.
दार उघडलं म्हणून भिंतीचा रंग बदलत नाही.
होडीचं नाव बदलत नाही.
होडीतल्या बाईच्या टोपीला काही होत नाही.
मंगळवारचा बुधवार होत नाही.
आल्गोट खांद्यावरून वाचत होता.
"पाण्याचं ताक होत नाही,
हे राहिलं."

बदल सांगायला एक ओळ पुरते.
न बदललेलं सांगायला वह्या पुरत नाहीत.
म्हणून या शास्त्रातली माणसं
शेवटी एकच वाक्य लिहून मोकळी होतात,
थोडी दमून, थोडी श्रद्धेनं:
ज्याला कुणी हात लावला नाही
ते होतं तसंच आहे.

यंत्राला पटलं.
उन्हाळाभर होड्या पायरी पायरीनं चढल्या, उतरल्या,
डेकवर ओले टॉवेल, एक भुंकणारं कुत्रं,
दारं एकमेकांचा मान राखून.

ऑक्टोबरात कालवा रिकामा करतात.
तळाला चिखल, बाटल्या, कुणाचा तरी बूट,
आणि एक सायकल.
लाल असावी.
बोट लावताच आऱ्यांचा भुगा होत होता,
घंटीच्या वाटीत शिंपला वाढला होता.
हिला कुणी हात लावला होता?
विव्हेकानं स्वतःलाच विचारलं
आणि काठावर बसून नियमाला पोटनियम जोडला:
पाणी, हाही एक कर्ता.
खाली: हवा.
त्याखाली: थंडी.
पुढे पेन्सिल जाईना.

आल्गोट मधेच बोलला, तिच्याकडे न बघता:
"मायवर दहा वाजता कॉफी घेऊन यायची.
त्या पुलावरून. थर्मास, वेलचीचा पाव.
कुठल्या दिवशी थांबलं, माझ्या नोंदवहीत नाही.
होडी न् होडी आहे, हे नाही.
आधी तिचा गुडघा. मग एकदा वारा होता.
मग मीच म्हणालो असेन, राहू दे आज.
याला तुझं चिन्ह कुठलं?"

चौकोन खोटा ठरला असता.
शंकरपाळं पुढचं बोलतं, मागचं नाही.
मागच्यासाठी दुसरी चिन्हं आहेत तिच्याकडे,
पण त्यात 'एकदा तरी' असतं, किंवा 'आजवर सदैव',
आणि मायवर या दोन्हींच्या मधल्या पुलावर,
हातात थर्मास.
कुणी कुठलंच चाक फिरवलं नव्हतं.

आपल्याकडे याला एक अख्खा काळ आहे:
येई, बसे, बोले, ओती.
शाळेत आपण तो दोन मार्कांसाठी पाठ केला
आणि विसरलो.
तिच्या भाषेत त्यासाठी वेगळं क्रियापद पुढे लावावं लागतं.
तिच्या वहीत तेही नव्हतं.

तिनं पान कोरं सोडलं, कोपरा दुमडला.
दहा वाजून गेले होते.
दोघांनी सायकलला दोर बांधला.
ओढली, तर पुढचं चाक हवेत येऊन
एकदा, अर्धं, फिरलं.
मागचं चिखलातच राहिलं.

आल्गोटनं नोंद केली:
सायकल, एक.
मग जरा थांबून, कंसात:
बहुतेक.